घाट उतरणाऱ्या गाडीला कोण धरून ठेवतं?

पुण्याला निघालेली गाडी कर्जतला का थांबते, सांगा बरं? ‘वड्यासाठी!’ असं धाकटी ओरडणार हे मला ठाऊकच होतं, आणि प्रवाशांपुरतं ते खरंही आहे. पण गाडी थांबते ती स्वतःच्या गरजेपोटी. तुम्ही खिडकीतून वडेवाल्याला हाका मारत असता ना, तेव्हा गाडीच्या शेवटच्या डब्याला मागून दोन-तीन इंजिनं येऊन टेकतात. एक बारीकसा धक्का बसतो, हातातला चहा हिंदकळतो. रेल्वेची माणसं या इंजिनांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढणार, बँकर मागून रेटणार, तेव्हा कुठे गाडी बोरघाट चढून लोणावळ्याला पोहोचणार. तिथे बँकर सुटतात आणि पुढच्या कामाला परत कर्जतला येतात.

गाडी घाट चढते याचं सगळ्यांना कौतुक असतं. मला विचाराल तर घाटातलं अवघड काम चढण्याचं नाही, उतरण्याचं आहे. ‘उतरायला काय लागतं आजोबा, गाडी आपोआप येईल की खाली!’ अरे, येते ना आपोआप, तीच तर पंचाईत आहे. पण दमानं घेऊ. आधी चढ, मग उतार.

बोरघाटातला सगळ्यात खडा चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. आपल्या अंगणाला एवढा उतार दिला तर तुमच्या ध्यानातही येणार नाही, खुशाल लगोरी खेळाल त्यावर. रेल्वेच्या हिशेबात मात्र हा भलताच खडा चढ. सपाट मुलखात शंभराला एक चढ आला तरी तो चढ म्हणून मोजतात. कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना थळघाट लागतो, तिथेही चढ हाच, ३७ ला १.

एवढ्याशा चढाचा एवढा बाऊ का? कारण चाक पोलादाचं आणि रूळही पोलादाचा. दोन्ही गुळगुळीत, दोन्ही टणक. चाक रुळाला टेकतं ती जागा करंगळीच्या नखाएवढी असेल-नसेल. याचा फायदा असा, की सपाटीवर एक टन वजन चालतं ठेवायला जेमतेम दोन किलोचा रेटा पुरतो. रस्त्यावरच्या ट्रकला याच्या कितीतरी पट लागतो. यार्डातली रिकामी वाघीण पाच-सहा माणसं खांदा लावून ढकलत नेतात, ती यामुळेच. आणि तोटा? ज्या गुळगुळीतपणामुळे गाडी सहज धावते, त्याच गुळगुळीतपणामुळे इंजिनाला पाय रोवायला आधार मिळत नाही.

‘इंजिनाला पाय कुठे असतात?’ चाकं हेच त्याचे पाय. तू चालतेस कशी, आठव. पायाने जमिनीला मागे रेटतेस, आणि जमीन तेवढ्याच जोराने तुला पुढे रेटते. पावसाळ्यात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवलास तर जमिनीला मागे रेटताच येत नाही, मग ती तरी तुला पुढे कशी ढकलणार? सटकन पाय घसरतो. इंजिनाचंही तेच. चाक रुळाला मागे रेटतं, रूळ चाकाला तेवढ्याच बळाने पुढे रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम म्हणून पाठ करता ना तुम्ही, तो हा. रुळाने पुढे रेटलं नाही तर दहा हजार अश्वशक्तीचं इंजिनही जागच्या जागी चाकं गरगर फिरवत उभं राहील.

आता जरा हिशेब करू, थोरल्या, पाटी घे. वीस डब्यांची भरलेली गाडी, सगळी मिळून हजार टन धर. ३७ ला १ या चढावर दर हजार किलोमागे २७ किलोची ओढ गाडीला मागे खेचते. हजाराला ३७ ने भाग, तेवढंच येतं. म्हणजे हजार टनांच्या गाडीला २७ टनांची ओढ. चाकांचा आणि वाऱ्याचा विरोध मिळून आणखी दोन टन. शिवाय इंजिन स्वतः १२० टनांचं, त्याला स्वतःचं अंगही वर न्यायचंय, त्याचे तीन टन. किती झाले? बत्तीस. आता इंजिनाची रुळावरची पकड बघ. कोरड्या रुळावर ती इंजिनाच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा धरतात. १२० चा पाव हिस्सा तीस. बत्तीस हवेत आणि हातात आहेत तीस! आणि ही तीसही कोरड्या रुळावरची. जुलैत घाटात धुकं उतरलेलं असतं, कड्यावरून पाण्याच्या धारा थेट रुळावर येतात, तेव्हा ही पकड आणखी घटते. मोटर कितीही ताकदीची बसवलीत तरी ही अडचण सुटत नाही, कारण उणीव ताकदीची नाही, पकडीची आहे. म्हणून आणखी इंजिनं लावायची, म्हणजे रुळावर जोर लावणारी आणखी चाकं मिळतात.

पुढच्या वेळी स्टेशनात इंजिन उभं दिसलं, की चाकाजवळ नीट बघा. चाक आणि रूळ जिथे भेटतात, बरोबर तिथे रोखलेली एक बारीक नळी दिसेल. वर पेटीत कोरडी, चाळलेली वाळू भरलेली असते. चाक घसरायला लागलं की ड्रायव्हर हवेच्या जोराने ती वाळू चाकाखाली फुंकतो. हजार टनांची गाडी घाटात अडते आणि मूठभर वाळू तिला पुढे काढते! मला तर याचं फार नवल वाटतं.

आणि ही जादा इंजिनं मागेच का लावायची? सगळी पुढे लावली तर गाडीची सगळी ओढ इंजिनाला डब्यांशी जोडणाऱ्या पहिल्या कपलिंगवर येईल. मागून रेटलं की ती ओढ वाटली जाते. दुसरं कारण त्याहून मोठं. चढावर एखादं कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे मागे यायला लागतील. बँकर मागे असले म्हणजे त्यांना अडवायला आधीच कोणीतरी उभं आहे.

हा घाट बांधला कोणी, हेही ऐकून ठेवा. बाजूला राजमाची उभा आहे ना, त्या किल्ल्याने पूर्वी याच वाटेवर नजर ठेवली. घाटात रूळ टाकण्याचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ ला घाट वाहतुकीला खुला झाला. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखणी केली. सुमारे साडेपंचवीस किलोमीटरच्या वाटेत साडेपाचशे मीटरहून थोडं अधिक चढायचं, त्यासाठी पंचवीस बोगदे खणले. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं इथे राबत होती. कडा इतका सरळ, की काही ठिकाणी माणसांना वरून दोराने खाली सोडत आणि ती लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडत. पटकीच्या साथीत कितीतरी मजूर गेले. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार काम घ्यायला आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं, दोन जाणते अभियंते कामावर नेमले आणि घाट पुरा करून दाखवला.

चढ ३७ ला १ च्या वर जाऊ द्यायचा नाही आणि डोंगराला वळसा घालायला जागा नाही, म्हणून बर्कलीने एक युक्ती केली होती. गाडी एका टोकापर्यंत चढवायची, तिथे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. घाटात वीज आली त्या सुमारास, १९२९ मध्ये, नवे बोगदे काढून ती जागा वगळली.

चढाची गोष्ट इथे संपली. आता उतार.

त्यासाठी तुम्हाला इटलीला न्यायला हवं, गॅलिलिओच्या घरी. माणसांना हजारो वर्षं प्रश्न पडलेला, की वस्तू खाली पडते ती कशी पडते? ॲरिस्टॉटल नावाचा मोठा ग्रीक पंडित सांगून गेला होता, की जड वस्तू लवकर पडते, हलकी सावकाश. त्याचा शब्द दोन हजार वर्षं चालला. गॅलिलिओला तो पटेना. त्याने पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गोळे टाकले अशी गोष्ट तुमच्या पुस्तकात असेल. तो प्रयोग खरंच झाला का, याबद्दल इतिहास जाणणाऱ्यांना शंका आहे. त्याने नक्की केलेला प्रयोग मनोऱ्यावरचा नाही, घरातला आहे, आणि मला तो मनोऱ्यापेक्षा जास्त आवडतो.

अडचण काय होती? वस्तू पडते फार भरभर. तिसऱ्या मजल्यावरून गोटी सोडली तर दीड सेकंदात जमिनीवर. आणि त्या काळी एवढा थोडा वेळ अचूक मोजणारं घड्याळ हाताशी नव्हतं. मग मोजायचं कसं? गॅलिलिओने विचार केला, की पडणंच हळू करू. गोळा सरळ खाली टाकण्याऐवजी हलक्या उतारावरून सोडू. उतारावरून घरंगळणं हेही पडणंच, फक्त मंदावलेलं.

त्याने सुमारे बारा हात लांबीची लाकडी तुळई घेतली. तिच्यात सरळ, बोटभर रुंदीची खाच कोरली, ती घासून गुळगुळीत केली, आत तुकतुकीत चर्मपत्र चिकटवलं आणि पितळेसारख्या कठीण धातूचा, चांगला गोल घोटलेला गोळा त्यातून सोडला. वेळ मोजायला काय केलं? पाण्याचं मोठं भांडं वर ठेवलं, बुडाला बारीक नळी. गोळा सुटला की नळी उघडायची, पोहोचला की बंद करायची, आणि मध्ये पडलेलं पाणी तराजूत तोलायचं. पाणी जितकं जास्त, तितका वेळ जास्त. असं शंभर-शंभर वेळा केलं म्हणून तो लिहितो.

त्यातून काय निघालं? पहिल्या ठोक्यात गोळा जितका सरकतो त्याला एक म्हणा. दुसऱ्या ठोक्यात तो तीन सरकतो, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. एक, तीन, पाच, सात! बेरीज करत जा, मधल्या. एक. एक नि तीन चार. चार नि पाच नऊ. नऊ नि सात सोळा. काय दिसतंय? बरोब्बर, वर्गसंख्या. वेळ दुप्पट तर अंतर चौपट, वेळ तिप्पट तर अंतर नऊपट. निसर्गाच्या पोटात इतका साधा पाढा दडलेला असेल असं कोणाला वाटलं होतं!

तुम्हालाही हे करता येईल. लांब फळी थोडी तिरकी ठेवा आणि तिच्यावर आडव्या दोऱ्या बांधा: वरून एक वीत, मग तीन वीत, मग पाच. गोटी सोडली की दोरीवरून जाताना टक् असा आवाज येतो. अंतरं बरोबर साधली असतील तर सगळे टक् एका लयीत येतील, आणि लय चुकली तर कानाला लगेच कळेल. गॅलिलिओचे वडील नामांकित वादक होते, तेव्हा त्याचा कानही तालात तयार असणार.

पण त्याची खरी झेप पुढे आहे. त्याने म्हटलं, एका उतारावरून आलेला गोळा समोरच्या चढावर चढवू. किती वर जाईल? घर्षण नसेल तर जितक्या उंचीवरून सुटला तितकाच वर, ना जास्त ना कमी. समोरचा चढ सौम्य केला तर? उंची तीच, पण ती गाठायला लांब जावं लागेल. आणखी सौम्य केला तर आणखी लांब. आणि चढच काढून टाकला, समोर नुसती सपाट जमीन ठेवली, तर? मग ती उंची कधी येणारच नाही. गोळा थांबणारच नाही!

बघा, किती मोठी गोष्ट होती ही. तोवर सगळे समजत होते, की वस्तू चालती ठेवायला सतत ढकलावं लागतं, ढकलणं सोडलं की ती आपसूक थांबते. गॅलिलिओ म्हणाला, आपसूक काहीच थांबत नाही. आपल्याला थांबलेली दिसते ती वस्तू घर्षणाने थांबवलेली असते. पन्नास वर्षांनी न्यूटनने यालाच आपला पहिला नियम केलं. दुसऱ्या नियमात त्याने सांगितलं, की बळ लावलं की वेग बदलतो, बळ दुप्पट तर बदल दुप्पट, वस्तुमान दुप्पट तर बदल निम्मा. गॅलिलिओचं पुस्तक १६३८ मध्ये हॉलंडातल्या लायडन गावी छापलं गेलं, तेव्हा तो स्वतः फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. इकडे शिवबा तेव्हा आठ वर्षांचे होते. न्यूटनचा ग्रंथ आला १६८७ मध्ये, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत.

आता चला परत बोरघाटात. बर्कलीने आखलेला हा घाट म्हणजे गॅलिलिओची तुळईच आहे, पण साडेपंचवीस किलोमीटर लांबीची. ३७ ला १ च्या उतारावर गाडी पडतेच आहे, फक्त ३७ पट मंद. समजा ब्रेक नाहीत आणि गाडी सुटली. चाकांचा थोडा विरोध वजा केला तर दर सेकंदाला तिचा वेग पाव मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. पहिल्या दहा सेकंदांत ती जेमतेम साडेबारा मीटर सरकेल, वेग ताशी नऊ किलोमीटर. बाजूने पळणारा माणूस तिला सहज गाठेल. बघणाऱ्याला वाटेल, थांबेल आत्ता. अर्ध्या मिनिटात ताशी २७. एका मिनिटात ताशी ५४, आणि ती साडेचारशे मीटर पुढे गेलेली. दोन मिनिटांत ताशी १०८, आणि अंतर? दुप्पट नाही रे, चौपट. एक किलोमीटर आठशे मीटर. वळणावळणाच्या घाटात त्या वेगाने गाडी रुळावर राहणं शक्य नाही.

‘आणि गाडी जड असली तर आणखी जोरात सुटेल ना?’ हाच तर ॲरिस्टॉटलचा समज, बाळा. नाही. गाडी दुप्पट जड असेल तर पृथ्वीची ओढही दुप्पट, पण जिला हलवायचं ती गाडीही दुप्पट. दोन्हींचा मेळ बसतो आणि वेग तितकाच वाढतो. रिकामी मालगाडी आणि सिमेंटने भरलेली मालगाडी, सुटल्या तर जवळजवळ बरोबरीने येतील. फरक पडतो तो थांबवताना. भरलेलीला थांबवायला कितीतरी जास्त बळ लागतं.

मग सुटलेल्या गाडीचं करायचं काय? घाटात ठरावीक ठिकाणी मुख्य मार्गातून एक फाटा फुटतो आणि डोंगराच्या अंगाने वर चढत जाऊन तसाच संपतो. पुढे स्टेशन नाही, काही नाही. त्याला कॅच साइडिंग म्हणतात. रुळांवर वाळू असते. सुटलेली गाडी त्या फाट्यावर वळते, समोरच्या चढावर चढते, चढता चढता वेग गमावते आणि वाळूत रुतून थांबते. ओळखलंत का हे काय आहे? गॅलिलिओच्या गोळ्यासमोरचा दुसरा उतार! साडेचारशे मीटर सुटत आलेली गाडी सुमारे बारा मीटर खाली उतरलेली असते, आणि तिला थांबवायला जवळपास तेवढंच वर चढवावं लागतं. गॅलिलिओ म्हणाला होता तसंच.

यात आणखी एक खुबी आहे. वेग दुप्पट झाला तर गाडी चौपट उंच चढल्याशिवाय थांबत नाही. ताशी ५४ ला बारा मीटर, तर ताशी १०८ ला जवळजवळ पन्नास मीटर. एवढा उंच फाटा कुठे बांधणार? म्हणून सुटलेल्या गाडीला वेग घ्यायची संधीच द्यायची नाही, लवकर अडवायची. त्यासाठी सांध्यांची, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या रुळांची, व्यवस्था उलटी ठेवतात. इतर ठिकाणी सांधा मुख्य मार्गाला लावलेला असतो. इथे तो मुळातच कॅच साइडिंगकडे लावलेला असतो. मंकी हिल, ठाकूरवाडी अशी ठाणी आहेत घाटात. उतरणाऱ्या गाडीने तिथे आधी थांबून दाखवायचं, माझे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध करायचं, मग सांधा मुख्य मार्गाकडे फिरणार. पुण्याहून येताना गाडी रानात मध्येच थांबली की लोक वैतागतात. मला त्या थांबण्याने फार बरं वाटतं.

ब्रेकमध्येही हाच शहाणपणा आहे. गाडीभर एक हवेची नळी असते, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत. तुम्हाला वाटेल, नळीत हवा भरली की ब्रेक लागत असेल, हवा संपली की ब्रेक गेले. नेमकं उलट. नळीत दाब असतो तोवर ब्रेक चाकांपासून सुटे राहतात, दाब गेला की लागतात. डबे तुटून वेगळे झाले तर नळी फाटते, हवा निसटते आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपापले लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाच्या अमेरिकन माणसाने १८७२ च्या सुमारास ही रचना काढली. तेव्हापासून किती लोकांचे जीव तिने वाचवले असतील!

आता शेवटचा हिशेब. हजार टनांची गाडी साडेपाचशे मीटर वर न्यायला कमीत कमी ऊर्जा लागते सुमारे दीड हजार युनिट, आपल्या मीटरवर येतात तीच युनिटं. आपल्या घरात दहा-बारा महिने पुरतील एवढी. गाडी लोणावळ्याला पोहोचते तेव्हा ही ऊर्जा संपलेली नसते, ती उंचीच्या रूपाने गाडीतच असते. उतरताना वेग वाढू द्यायचा नाही, म्हणजे ती सगळी कुठेतरी काढून टाकायला हवी. ब्रेकने चाक दाबून उतरलात तर तिची उष्णता होते. माळ्यावरून धान्याचं पोतं दोरीने खाली सोडताना हाताचे तळवे भाजतात ना, तसंच. घाट उतरताना खिडकीतून जळकट वास येतो तो याच तापलेल्या ब्रेकचा. आणि ब्रेक फार तापले तर त्यांची पकड कमी होते, म्हणून नुसत्या ब्रेकवर विसंबून हा घाट उतरणं धोक्याचं.

१९२९ च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली. त्यातल्या मालगाडीच्या इंजिनांना सगळे प्रेमाने खेकडा म्हणत. पुढे-मागे लांब नाकाड, आणि चालणंही तसंच, डुलत डुलत. या खेकड्यांना एक विद्या येत होती. उतारावर ते आपली मोटर उलटी वापरत. एरवी वीज मोटरला फिरवते आणि मोटर चाकांना. उतारावर चाकंच मोटरला फिरवतात, मोटरचं जनित्र होतं आणि वीज परत वरच्या तारेत जाते. वीज तयार करताना मोटर चाकांना अडवते, त्या अडवण्यानेच गाडी ताब्यात राहते. ब्रेकचे ठोकळे झिजत नाहीत, तापत नाहीत. आजची नवी इंजिनंही घाट असेच उतरतात, आणि त्याच तारेखालून दुसरी गाडी चढत असेल तर ती वीज तिच्या कामी येते.

‘मग एक गाडी उतरते, एक चढते, तर बाहेरून वीज लागतेच कशाला?’ थोरल्या, हा प्रश्न मला फार आवडला. तशी लागायला नको होती, जर जगात घर्षण नसतं. पण चाकं, वारा, तारा, मोटरची वेटोळी, प्रत्येक जण आपला वाटा उष्णतेच्या रूपाने घेतो. जाताना घेतो तसा येतानाही घेतो. त्यामुळे खाली येणाऱ्या गाडीने परत केलेली वीज वर जाणाऱ्या तितक्याच वजनाच्या गाडीला कधीच पुरी पडत नाही. उरलेली बाहेरून आणावी लागते. किती आणावी लागते ते गाडीच्या वजनावर आहे, वेगावर आहे आणि ड्रायव्हरच्या हातावरही आहे. उतारावर वेग एकसारखा धरून, ठोकळ्यांचा ब्रेक कमीत कमी लावून गाडी खाली आणणारा ड्रायव्हर तारेत जास्त वीज परत पाठवतो. उद्या स्टेशनवर जाऊ, तेव्हा नुकती घाटातून उतरलेली एखादी गाडी बघू. ठोकळे असलेला डबा असेल तर लांबूनच, हात न लावता, त्यांची धग जाणवते का ते बघा. त्यावरून थोडा अंदाज येईल, की हिची युनिटं जास्त तारेत गेली की हवेत.